बावीचं गोडं पाणी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मागीलदारी बसून कोळशाचे गोळे वळत होतो. शेवटचं काय केलंत दोघांनी, असं कुणी विचारलं तर हेच. देवाला गेलो नाही, हातात हात घेऊन बसलो नाही. घमेल्यात कोळशाचा चुरा, शेण, चिकणमाती आणि भाताची पेज कालवलेली, आणि आम्ही दोन म्हातारी माणसं लाडू वळावेत तसे गोळे वळतोय. तिच्या नाकात नळी. नळी लांबलचक, दारातून आत गेलेली, आतल्या खोलीतल्या ऑक्सिजनच्या मशीनला लावलेली.

"तुमचा गोला म्हंजे रेड्याचं टकुरं," ती म्हणाली. "शेगडीत मावनार हाय का त्यो?"

"मोठा असला म्हंजे जास्त येल जलतो."

"जलत नाय, धुमसतो. तुमच्यासारखा."

तिचा गोळा लहान, तिच्या तळव्याएवढा. वळून झाला की मधोमध अंगठा दाबायची. तो खळगा पाडला की त्यात निखारा नीट बसतो आणि गोळा लवकर धरतो. मी कधी खळगा पाडला नाही. पन्नास वर्षं सांगत होती, पाडला नाही.

दहा-बारा गोळे झाले की तिला दम लागायचा. थांबायची, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढायची, परत घमेल्यात हात घालायची. साडेनवाच्या सुमाराला वाळवणाचा पत्रा भरला. वैशाखाचं ऊन, गोळे लगेच वरून पांढुरके पडायला लागले.

"उद्या सकाली उलटा ह्ये," ती म्हणाली. "दर साली इसरता. खालून वलं ऱ्हातं नि बुरशी धरतं."

"उलटीन गं."

"उलटीन गं म्हनता नि पारावर जाऊन बसता."

एवढंच बोलणं झालं. मी तिला धरून आत नेलं आणि पलंगावर बसवलं. हात धुते म्हणाली. मी म्हटलं, बस जरा, पाणी आणतो. ते पाणी आणायचं राहिलंच. दहाला लाइट गेली.

गॅस असताना गोळे कशाला, असं शहाणे लोक विचारतात. स्वयंपाकाला नव्हतेच ते. आमचं घर जुन्या गावठाणात, पनवेलच्या खाडीकडच्या बाजूला. सगळीकडे भराव टाकून त्यावर टॉवर उभे केले आणि आमचं घर राहिलं खाली, बशीत ठेवल्यासारखं. आषाढ-श्रावणात भिंतींना घाम फुटतो. गोधड्या ओल्या, उश्या ओल्या. लाइट गेली की दोन-दोन दिवस नाही. शेजारच्या टॉवरला जनरेटर, त्यांना लाइट गेल्याचं कळतसुद्धा नाही. आमच्या मिठागराच्या जमिनीवर तो टॉवर. त्याचा धूर आमच्या घरात आणि उजेड त्यांच्या घरात.

अशा ओलीत तिचे पाय बर्फासारखे व्हायचे. डॉक्टरने बजावलं होतं, ऑक्सिजन चालू असताना घरात विस्तव नको, धूर तर अजिबात नको. मग मी शेगडी मागीलदारी, पार टोकाला, पत्र्याखाली न्यायचो. निखाऱ्यात वीट तापवायची, गोणपाटात गुंडाळायची आणि तिच्या पायाशी नेऊन ठेवायची. दिवसाला सात-आठ खेपा. वीट जरा कमी तापली तर ओरडायची, "ही वीट हाय का बर्फाची लादी?" चुरा फुकटचा. पळस्प्याच्या एका ढाब्यावर तंदूरसाठी कोळसा येतो, पोत्यांच्या तळाचा चुरा ते फेकून देतात, तो मी आणायचो. पावसाळ्याची आमची तयारी म्हणजे गोळे, मेणबत्त्या, आगपेट्या पत्र्याच्या डब्यात बंद, आणि शेवटी शेवटी इन्वर्टर.

तिची फुप्फुसं गेली ती धुरानेच. डॉक्टरने विचारलं, "चुलीवर किती वर्षं काढली?" मी म्हटलं, चुलीचं सोडा साहेब, ही बाळंतिणींना शेक द्यायची. आमच्या आळीत बाळंतीण झाली की हिला बोलावणं. दारं-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, वर ओवा-बाळंतशोपा टाकलेल्या, आणि ही बाराच्या बारा दिवस त्या धुरात बसलेली. पोराची टाळू भरायची, आंग शेकायचं, बाळंतिणीची कंबर शेकायची. आळीतलं एक पोर हिच्या हातचा शेक न घेता वाढलं नसेल. साडी-चोळी घ्यायची, बाकी काही नाही. आणि त्या शेगडीत कोळसा कुणाचा? माझा. मिठागर गेल्यावर मी पनवेलात कोळशाच्या वखारीत हमाली केली. रोज संध्याकाळी पिशवीभर कोळसा घरी. बायकोला पानं-फुलं आणतात लोक, मी कोळसा आणला.

डॉक्टर लिहीत होता, मान वर न करता म्हणाला, "तेव्हाच काळजी घ्यायला हवी होती." मला त्याच्या टेबलावरची पेनांची बरणी उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. तेव्हा तुझ्या आईलाही अशाच एखाद्या बाईने शेकलं असेल रे भाड्या, असं मनात म्हणालो. तिने माझा हात दाबून धरला होता. तिला कळायचं, मी कधी काय करीन ते.

तर मशीन आलं. मशीन चालतं लाइटवर. आधी लाइट गेली की लोखंडी नळकांड्यातला ऑक्सिजन लावायचो. एकदा लाइट बराच वेळ आली नाही, तेव्हा ते नळकांडं संपलं. मग मुलाने इन्वर्टर बसवून दिला. मुलगा द्रोणागिरीला राहतो, गोदामात सुपरवायझर आहे. बॅटरीवाला आमच्याच मागच्या आळीतला, त्याला आम्ही लहानपणापासून ओळखतो, तोही हिच्याच शेकाचा. त्याने सांगितलं, चार तास कुठे जात नाही. नळकांडं भरून आणायचं मी सोडून दिलं. कोपऱ्यात उभं होतं रिकामं, त्यावर मी टॉवेल वाळत घालायचो.

बॅटरीवाल्याने आणखी एक सांगितलं होतं. बॅटरीत पाणी कमी झालं की घालायचं, पण दुकानातलं, बाटलीतलं बॅटरीचं पाणी. दुसरं नाही. एक बाटली देऊन गेला. दिवाळीपर्यंत पुरली. ती संपल्यावर मी चप्पल घातली, दुकानाकडे निघालो. ती पलंगावरून म्हणाली,

"कुठं चाललाव?"

"बॅटरीचं पानी आनाया."

"पानी इकत? दारात बाव हाय नि पानी इकत आनता? लाज नाय वाटत? गाव आपल्या बावीचं पानी नेतं."

आमच्या दारात विहीर आहे, आम्ही तिला बाव म्हणतो. खाडी एवढी जवळ, तरी पाणी गोड. दुष्काळात पलीकडच्या गावच्या बायका हंडे घेऊन यायच्या. ही लग्न होऊन आली तेव्हापासून त्या बावीची मालकीण. नळ आला तरी नळाचं पाणी तिने कधी तोंडात घेतलं नाही, वास येतो म्हणायची. आंघोळीलासुद्धा बावीचंच. आणि मलाही तेच आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी चप्पल काढली. तांब्याने पाणी काढलं, स्वच्छ फडक्यातून गाळलं, आणि बॅटरीच्या सहाही भोकांत घातलं. ती बघत होती. म्हणाली, "बगा, कशी गपगप प्याली. तिलाबी कल्ली चव."

दर महिन्याला घातलं. हिवाळ्यात लाइट जायची ती अर्ध्या तासाची, इन्वर्टर चालायचा. इन्वर्टरवर पंखा जरा हळू फिरायला लागला होता. मला वाटलं, पंखा जुना झालाय.

त्या दिवशी लाइट जाणार हे माहीत होतं. पावसाळ्याआधीची कामं, दहा ते एक लाइट बंद, असा मेसेज मुलाने मला फोन करून वाचून दाखवला होता. "बाबा, नळकांडं भरून आनू का?" असं त्याने विचारलं होतं. मीच म्हटलं, तीन तासांचं काम, इन्वर्टर चार तास चालतो, तू सुट्टी घालवू नको. हे माझे शब्द. मी तोंडाने बोललो.

दहाला लाइट गेली, इन्वर्टरने घेतलं, मशीन चालू राहिलं. मी गोळ्यांच्या पत्र्यावरची कोंबडी हाकलायला मागे गेलो. परत येतो तोवर इन्वर्टर टीं टीं करायला लागला. अर्धा तासही झाला नव्हता. मी बटण बंद करून चालू केलं. परत टीं टीं, आणि मग मशीन बंद. पंखा बंद. घरात एकदम शांत झालं.

ती उठून बसली. गुडघ्यांवर हात, खांदे वर. माझ्याकडे बघितलं. मी नळकांड्यावरचा टॉवेल फेकला आणि चावी फिरवली. ते रिकामं हे मला माहीत होतं, तरी फिरवली. मग इन्वर्टरला लाथ मारली. पायाचं नख फुटलं.

बोटाला लावायचा चिमटा असतो, तो ऑक्सिजनचा आकडा दाखवतो. तो तिच्या बोटाला लावला तर आकडाच येईना. बोट कोळशाने काळं. हात धुवायला पाणी मीच आणलं नव्हतं. धोतराने बोट पुसलं, थुंकी लावून पुसलं. आकडा आला. तो बघून मी मागीलदारी धावलो.

टॉवरचा जनरेटर धडधडत होता. मी भिंतीवरून वॉचमनला हाक मारली. म्हटलं, वायर दे, माझी बायको मरतेय. तो म्हणाला, "चाचा, सेक्रेटरी साब से पूछना पड़ेगा।" मी त्याला आईवरून शिवी दिली. अशी शिवी मी वखारीत सोडून कुठे दिली नव्हती. तो बिचारा फोन लावायला लागला.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई आली. माझा आवाज ऐकून आली असेल. "आजोबा, थांबा, मी वायर देते!" आणि तिने खरंच दिली. लांब वायरीचे दोन बोर्ड एकाला एक जोडून गॅलरीतून खाली सोडले. वॉचमनने सेक्रेटरीचा फोन तसाच टाकला, भिंतीवर चढला, वायर ओढून आमच्या दारापर्यंत आणली. बाईने वरूनच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी कमिटीचं नाव काढलं नाही. दहा मिनिटंही लागली नसतील.

त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला आजपर्यंत त्या टॉवरला शिव्या घालता आल्या असत्या.

मशीन चालू झालं. मी नळी तिच्या नाकात नीट बसवली, पाठीशी बसून तिला छातीवर घेतलं. तिचे हात माझ्या हातांत. चारही हात काळे. मशीन घरघरत होतं, हवा येत होती, पण ती ओढायला तिच्यात काही उरलं नव्हतं. ओठ निळे पडले होते. ॲम्ब्युलन्स गटारासाठी खणलेल्या रस्त्याच्या पलीकडे थांबली आणि दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावत आले. त्यांनी तिचा हात धरून बघितला आणि स्ट्रेचर खाली ठेवलं.

मुलगा दुपारी आला. संध्याकाळच्या आत न्यायचं ठरलं. बायकांनी तिला बावीच्याच पाण्याने आंघोळ घातली. हातांचा कोळसा निघेना, नखांत बसला होता. तशीच नेली.

लोक जमले आणि सुरू झालं. "सुटली हो बिचारी." "सवाशीण गेली, नशीबवान." "हाल तरी झाले नायत." एकाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, हाल झाले नाहीत हे तुला कुणी सांगितलं? तू होतास तिथं? वीस मिनिटं माणूस पाण्याबाहेरच्या मासळीसारखं तोंड उघडतं, त्याला तुमच्यात काय म्हणतात? तो मागे सरकला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

बॅटरीवालाही मयताला आला होता. स्मशानातून परत आल्यावर मुलाने त्याची कॉलर धरली, माझ्याच अंगणात.

"चार तास बोल्लावतास तू! चार तास! माजी आय मारलीस तू!"

तो पोरगा रडायलाच लागला. पोरगा म्हणजे चाळिशीचा बाप्या, पण आमच्या डोळ्यांसमोरचा. "दादा, नवी बॅटरी दिली मी. देवाशपथ. मना बगू तरी द्या." त्याला आत नेलं. मोबाइलच्या उजेडात त्याने बॅटरीची झाकणं एकेक करून काढली. आत पांढरट साका बसला होता. मला लांबूनसुद्धा तो ओळखता आला. उन्हाने पाणी आटलं की मिठागराच्या कडेला तसाच धरतो.

तो उठला. मुलाकडे नाही, माझ्याकडे बघून बोलला. आवाज अगदी हळू.

"बाबा, ह्यात पानी कंचं घातलंव?"

ओटीवर पंधरा-वीस माणसं. मुलगा माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं,

"बावीचं."

"बाबा, तुमची बाव प्यायला गोड हाय. बॅटरीला नाय चालत. खाडीचा पट्टा ह्यो. थोडं तरी मीठ असतंच."

मी वीस वर्षं मिठागरात काढली. बोट बुडवून जिभेला लावलं की सांगायचो, ह्या पाण्याचं मीठ बसायला अजून चार दिवस, ह्याचं उद्या बसेल. मुकादम माझी जीभ बघायला माणसं आणायचा. गोड पाण्यातसुद्धा मीठ लपून असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि मी फडक्यातून गाळून घातलं. गाळल्याने मीठ जातं का? कचरा जातो.

मुलगा म्हणाला, "बाबा, त्यानं बजावलं व्हतं ना? मंग का घातलंव?"

तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, तुझी आई बोलली म्हणून. अगदी ओठांपर्यंत. मी चप्पल घातली होती, मी निघालो होतो, तिने मला दारातून परत बोलावलं. हे खरं आहे. पण ते बोललो असतो तर माझ्याबरोबर आयुष्यभर तिचंही नाव त्या बॅटरीत गेलं असतं, आणि तिला उत्तर द्यायला ती तिथे नव्हती. मी म्हटलं, "मी घातलं. माज्या मनानं." मुलाने बॅटरीवाल्याच्या कॉलरवरचा हात कधीच सोडला होता. आता त्याने माझ्यावरची नजरही काढून घेतली. त्या दिवसापासून तो मला नीट बघत नाही. फोन करतो, जेवलात का विचारतो. बघत नाही.

इथे लिहिलंय ते तो वाचील कधीतरी. वाचू दे. पण त्याला हेही कळू दे की ती काहीही बोलली तरी तांब्या माझ्या हातात होता.

आणि राग म्हणाल तर लाइटवाल्यांचा आला. दहा ते एक सांगून सहाला दिली. पण एकलाच दिली असती तरी काय होणार होतं? डॉक्टरचा आला, टॉवरचा आला, सुटली म्हणणाऱ्यांचा आला. सगळ्यांवरून फिरून राग परत दारात येऊन बसतो. खरं सांगायचं तर मला तिचाच राग येतो. माझ्या बायकोचा. बावीची एवढी मिजास! दुकान एका आळीवर होतं. एक बाटली. मेलेल्या बायकोवर रागवायची सोय नाही, लोक म्हणतात तसं बोलू नये. मी रोज बोलतो तिला. फोटोसमोर उभा राहून बोलतो.

आम्ही ओटीवर बसलेलो असतानाच लाइट आली. टॉवरची वायर परत देताना कुणीतरी मशीनची पिन पुन्हा आमच्या बोर्डात घातली होती, आणि बटण चालूच राहिलं होतं. ते आपोआप सुरू झालं. नळी पलंगावर पडलेली, तिच्यातून फुस्स फुस्स हवा सुटत होती, कुणालाच नाही. सुनेने जाऊन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. चूल बंद, चहा शेजाऱ्यांकडून आलेला. मी न पिताच मागीलदारी गेलो. माझी थोरली भावजय मागून आली.

"भाऊजी, आज कशाला हात लावू नका. सुतक हाय."

"गोले उलटायचेत."

"कसले गोले? कुनाला पायजेत आता त्ये गोले?"

पत्र्याजवळ उकिडवा बसलो आणि एकेक गोळा उलटायला लागलो. ती बोलली होती तसंच, वरून वाळलेले आणि खाली ओल. आधी माझे उलटले, टकुऱ्याएवढे. मग तिचे. तिचा एकेक गोळा उचलला, त्याच्या खळग्यात माझा अंगठा घातला. माझा अंगठा जाड, तो बसेना. गोळा उलटून ठेवला. असे तिचे सगळे उलटले. भावजय दारात उभी राहून डोळ्यांना पदर लावत होती. मी तिला म्हटलं, रडायचं तर आत जा.

हात काळे झाले. सवयीने बावीकडे गेलो, पोहरा हातात घेतला, आत बघितलं. पाणी वर आलेलं होतं, स्वच्छ, तळ दिसत होता. पोहरा काठावर परत ठेवला.

मोरीत गेलो, नळ सोडला आणि नळाच्या पाण्याने हात धुतले.